राजाचा चेहरा शेवटी पाहा : बरोक काळातले दरबारी चित्र वाचण्याची रीत

सतराव्या शतकातल्या एखाद्या युरोपीय राजाचे चित्र समोर आले की आपण आधी चेहरा पाहतो. नाक कसे, डोळे कसे, माणूस मनाचा कसा असेल. या चित्रांपुढे मी उलटी रीत सांगतो. चेहऱ्यावर कागदाचा कपटा ठेवा, उरलेले चित्र खालून वर वाचत या आणि कागद अगदी शेवटी उचला.

आपल्याकडे म्हणतात ना, मान गादीला असतो. बरोक काळातला, म्हणजे ढोबळमानाने सतराव्या शतकातला, दरबारी चित्रकार नेमका हा मान रंगवायला बसलेला असे. त्याच्या कॅनव्हासवर एक माणूस आणि एक गादी एकाच झग्यात उभे असतात. माणूस सापडतो तो चेहऱ्यात. गादी मात्र बुटाच्या टाचेपासून पडद्याच्या गोंड्यापर्यंत सगळीकडे पसरलेली असते. आधी चेहऱ्याकडे गेलात की ही सगळी गादी निव्वळ शोभा वाटू लागते आणि निम्मे चित्र हातचे निसटते.

सरावाला एकच चित्र घ्यावे आणि त्याच्यापुढे निदान अर्धा तास बसावे. मी निवडले आहे ते यासँत रिगो याने १७०१ मध्ये रंगवलेले फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे चित्र. मूळ चित्र पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते घरबसल्या पाहता येते. ते उघडा, कागद तयार ठेवा.

पहिली पायरी : भिंतीवर माप टाका

ही पायरी जवळजवळ सगळे जण गाळतात, म्हणून आग्रहाने सांगतो. हे चित्र २७७ सेंटिमीटर उंच आणि १९४ सेंटिमीटर रुंद आहे. मोजपट्टी घ्या आणि घरातल्या मोकळ्या भिंतीवर पेन्सिलीने चार खुणा करा. आपल्या फ्लॅटच्या छताला चित्र जवळजवळ टेकते. आता मनातल्या मनात ते जमिनीपासून हातभर वर टांगा. राजाचे बूट तुमच्या मांड्यांच्या-कमरेच्या आसपास येतात आणि चेहरा इतका वर जातो की मान उचलल्याशिवाय दिसत नाही. मोबाइलच्या पडद्यावर हाच राजा तळहातावर मावतो आणि आपण त्याच्याकडे वरून पाहतो. चित्रकाराने बांधलेले नाते तिथेच उलटे होते.

माप मनात पक्के झाले की चित्रातली जमीन पाहा. पाहणाऱ्याची नजर खालच्या पातळीवर ठेवूनच मांडणी केली आहे. अशा मांडणीत पाय लांब दिसतात, देह उंचावतो आणि डोके छताकडे, म्हणजे पडद्याच्या छत्राकडे जाते.

दुसरी पायरी : चित्र कोणासाठी, कुठे टांगायला?

प्रत्येक दरबारी चित्राला एक पत्ता असतो. तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. लुईचा नातू फिलिप १७०० मध्ये स्पेनचा राजा झाला. माद्रिदला जाणाऱ्या या नातवासाठी आजोबांचे चित्र हवे होते, म्हणून रिगोला काम मिळाले. चित्र तयार झाले आणि लुईला ते इतके आवडले की मूळ फ्रान्समध्येच राहिले. मग त्याची प्रत करवली गेली.

म्हणजे हे चित्र परक्या दरबारात राजाच्या जागी उभे राहायला निघाले होते. राजा स्वतः जाऊ शकत नाही तिथे चित्र जाते, आणि चित्राकडे पाठ करून उभे राहणे हीसुद्धा आगळीक ठरते. या काळातली कितीतरी चित्रे अशी प्रवासाला निघालेली असतात. स्पेनची राजकन्या मार्गारिता लहान असतानाच तिचे लग्न व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग राजघराण्यातल्या लिओपोल्डशी ठरल्यासारखे होते. स्पेनचा दरबारी चित्रकार व्हेलास्केथ याने तिला गुलाबी, मग पांढऱ्या, मग निळ्या पोशाखात रंगवले आणि ही चित्रे व्हिएन्नाला गेली. आजही ती तिथल्या कला-इतिहास संग्रहालयात आहेत. निळ्या पोशाखातले १६५९ चे आहे; मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिकडच्या मंडळींना मुलगी वाढते आहे, निरोगी आहे, हे त्यातून कळत होते. स्थळाला फोटो पाठवण्याची रीत आपल्याला काही नवी नाही, त्यामुळे या चित्रांपुढे मराठी माणूस लवकर रुळतो.

तिसरी पायरी : पाय आणि कोपरे

आता खालून सुरुवात करू. लुईचे पाय पाहा. झगा मुद्दाम खांद्यावर मागे टाकला आहे, पांढऱ्या रेशमी मोज्यांतले पाय मांडीपर्यंत उघडे आहेत आणि बुटांच्या टाचा लाल आहेत. लाल टाचा हा त्या दरबारातल्या मानकऱ्यांचा हक्क होता. पावलांची ठेवण नर्तकाची आहे, एक पुढे आणि दोन्ही बाहेर वळलेली. ती उगाच आलेली नाही. लुई तरुणपणी खरोखर नाचत असे आणि १६५३ मध्ये एका दरबारी बॅलेत तो उगवत्या सूर्याच्या वेशात उतरला होता. 'सूर्यराजा' ही प्रतिमा तिथून घट्ट झाली. चित्र रंगवले गेले तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. पाय मात्र विशीतले आहेत. कागद अजून चेहऱ्यावर आहे ना? मग या पायांवरून वयाचा अंदाज करा आणि तो लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

पायांनंतर कोपर. डावा हात कमरेवर आहे आणि कोपर बाहेर आले आहे. कमरेवर हात ठेवून उभे राहणे ही त्या काळी सेनानीची आणि मालकाची ऐट होती. माणूस त्यामुळे रुंद होतो, आणि कोपराच्या आत कोणी येऊ नये हे न बोलता कळते.

कोपर कसे वापरावे हे खरे शिकायचे तर व्हॅन डाइक या चित्रकाराकडे जावे लागते. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स उंचीला सव्वापाच फुटांच्या आसपास होता. व्हॅन डाइक १६३२ मध्ये लंडनला आला, त्याला 'सर' हा किताब मिळाला, आणि या बेताच्या उंचीच्या राजाला त्याने अशा युक्त्यांनी मोठे केले की त्या पुढे दीडशे वर्षे चित्रकार उचलत राहिले. १६३५ च्या सुमाराचे 'शिकारीवरचा चार्ल्स' हे चित्र लूव्ह्रमध्येच आहे. त्यात मुकुट नाही, सिंहासन नाही, राजदंड नाही. राजा घोड्यावरून उतरला आहे, एका हातात काठी आणि दुसरा हातमोजा धरून कमरेवर. ते कोपर थेट आपल्या रोखाने आले आहे. घोडा मान खाली घालून पुढच्या पायाने माती उकरतो आहे. घोड्याला नमस्कार करायला लावल्यासारखे दिसते, आणि त्यामुळे राजाची रुंद काळी हॅट घोड्याच्या डोक्याच्याही वर राहते. झाडाच्या फांद्या पुढे झुकून छत्र धरतात. नोकर आणि घोडा दोघेही सावलीत, राजाची रेशमी बंडी तेवढी उजेडात. उंची कुठेही खोटी मोजलेली नाही. आजूबाजूचे सगळे खाली आणले आहे. या चित्राचे व्हॅन डाइकने दोनशे पौंड मागितले होते. राजाने बिल कापून शंभर केले. मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते, कारण चित्रातली बेफिकीर ऐट आणि रिकामा खजिना हे दोन्ही एकाच राजाचे होते. १६४९ च्या जानेवारीत चार्ल्सचा शिरच्छेद झाला.

चौथी पायरी : वस्तूंची यादी करा

कागद-पेन घ्या आणि चित्रात जे जे आहे ते नावानिशी लिहा. अर्थ नंतर लावू, आधी फक्त यादी. लुईच्या चित्रातली माझी यादी अशी आहे: निळी मखमल, तिच्यावर सोन्याची लिलीची फुले, आतून पांढरी फर, कमरेला तलवार, उजव्या हातात राजदंड, उशीवर मुकुट आणि त्याच्याजवळ टोकाला हस्तिदंती पंजा असलेला दंड, मागे सिंहासन, वर लाल-सोनेरी पडदा, बाजूला दगडी खांब आणि खांबाच्या बैठकीवर कोरलेली तराजूवाली न्यायदेवता.

आता प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही नसती तर काय गेले असते? लिली गेली तर राजा फ्रान्सचा राहणार नाही. तलवार इसवी सन ८०० च्या सुमाराचा सम्राट शार्लमेन याची समजली जाते, म्हणजे ती गेली तर नऊशे वर्षांची वंशावळ गेली. पंजाचा दंड हा न्यायाचा हात. तो आणि खांबावरची देवता एकमेकांना दुजोरा देतात. फर साधी नाही. अर्मिन नावाच्या छोट्या प्राण्याचे हिवाळ्यात पांढरे होणारे ते कातडे आहे, आणि मधले काळे ठिपके म्हणजे त्याच्या शेपटीची टोके. एक ठिपका, एक जीव. ते मोजायला लागा म्हणजे झग्याची किंमत कळेल.

राजदंडापाशी मात्र थांबा. तो उलटा धरला आहे! लिलीचे टोक खाली, उशीवर टेकलेले, आणि राजा त्यावर हात ठेवून उभा आहे, फिरायला जाताना काठी धरावी तसा. राज्याभिषेकाचा संपूर्ण साज अंगावर आहे, पण लुईचा अभिषेक १६५४ मध्येच झालेला होता. म्हणजे हे चित्र त्या दिवसाचे नाही. सगळी राजचिन्हे बाहेर काढली आहेत आणि राजा त्यांच्यात घरच्यासारखा वावरतो आहे. पन्नासएक वर्षे गादीवर बसलेल्या माणसालाच दंड असा धरता येतो. रिगोच्या चित्रातली ही जागा मला सगळ्यांत आवडते.

पडदा आणि खांब तुम्हाला पुढे शेकडो चित्रांत भेटतील. खांब म्हणजे स्थैर्य, पडदा म्हणजे छत्र-चामराचा मान. पण पडद्याला चित्रकाराचा आणखी एक उपयोग आहे. त्याने वरचा रिकामा कोपरा भरतो आणि त्याच्या तिरक्या घड्या नजर चेहऱ्याकडे घेऊन येतात.

पाचवी पायरी : पोशाख कोणत्या दरबाराचा?

सगळ्या राजांनी सोने-मखमल घातली असेल ही समजूत सोडून द्या. स्पेनच्या दरबाराचा रंग काळा होता. लुईच्या नातवाच्या कितीतरी आधीच्या चौथ्या फिलिप राजाने १६२३ मध्ये खर्चाला आळा घालताना गळ्याभोवतीच्या मोठ्या चुणीदार झालरी बंद केल्या. त्यांच्या जागी गोलिया नावाची साधी, ताठ, पांढरी कॉलर आली. व्हेलास्केथ त्याच वर्षी दरबारात रुजू झाला. त्याने रंगवलेला तरुण फिलिप माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात पाहा: काळे कपडे, काळा झगा, एका हातात घडी केलेला कागद, दुसरा तलवारीच्या मुठीवर. मुकुट कुठेच नाही. इतक्या जुन्या घराण्याच्या राजाला तो दाखवण्याची गरज वाटत नाही. कागदावरून एवढेच कळते की राजा कामात आहे, अर्ज वाचतो आहे.

दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर रिगोनेच १७०१ मध्ये रंगवलेले नातू फिलिपचे चित्र काढा. ते पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्यात आहे. व्हर्सायला वाढलेला हा मुलगा तिथे स्पॅनिश काळ्या पोशाखात, गोलिया लावून उभा आहे. चित्रकार एक, साल एक, घराणे एक. तरी आजोबा निळ्या-सोनेरी थाटात आणि नातू काळ्यात. आपण आता तुमचे झालो, हे नव्या प्रजेला सांगायला त्या मुलाने नुसती कॉलर बदलली.

सहावी पायरी : आता कागद उचला

लुईचा चेहरा पाहा. मघाशी पायांवरून लिहिलेले वय काढा आणि ताडून बघा. हा विशीतला माणूस नव्हे. गाल आत गेले आहेत, तोंडाची ठेवण दात गेलेल्या माणसाची आहे, हनुवटीखालचे मांस सैल पडले आहे. डोळ्यांत थकवा नाही, पण वय लपवलेलेही नाही. या दोन वयांची गाठ बसली आहे ती अक्षरशः शिवणीने. रिगोने चेहरा वेगळ्या छोट्या कॅनव्हासवर राजाला समोर बसवून रंगवला आणि नंतर तो तुकडा मोठ्या चित्रात बसवला. त्याच्या कारखान्यात कपडे आणि पार्श्वभूमी रंगवणारे वेगळे मदतनीस होते. मघाशी आपण चेहऱ्यावर कागद ठेवला होता तो याच जागेवर.

मग चेहरा किती खरा, किती सजवलेला? या प्रश्नावर त्या काळचे चित्रकार आणि लेखक फार गंभीरपणे विचार करत. इटलीचा लोमात्सो याने १५८४ मध्येच लिहून ठेवले होते की सम्राटाच्या चित्रात भारदस्तपणा आणि राजतेज असलेच पाहिजे, मग तो माणूस जात्या तसा असो वा नसो. अपेलीझची जुनी ग्रीक गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती: अँटिगोनस राजाचा एक डोळा गेलेला, म्हणून चित्रकाराने चेहरा बाजूने दाखवला. व्यंग रंगवले नाही आणि खोटेही रंगवले नाही. दरबारी चित्रकाराचा धर्म तो हाच. रोममध्ये बेल्लोरी याने १६६४ च्या व्याख्यानात मांडले की कलावंताने निसर्गातले निवडून, त्याच्या उणिवा दूर करून मनातल्या आदर्शापर्यंत पोहोचावे. राजाच्या चित्राला तर हे दुप्पट लागू होते, कारण तिथे आदर्श हा पदाचाच भाग असतो.

म्हणून चेहऱ्यापुढे एकच कसोटी लावा: काय ठेवले, काय सोडले? स्पेनच्या हॅब्सबर्ग राजांचा पुढे आलेला जबडा व्हेलास्केथने कधी लपवला नाही. तो जबडा घराण्याची मोहर होता. तो पुसला असता तर वारसाहक्कच पुसल्यासारखे झाले असते. लुईचे देवीचे व्रण मात्र रिगोच्या चित्रात शोधून सापडत नाहीत. ते पाहायचे असतील तर आंत्वान बेनुआ याने १७०५ च्या सुमारास केलेली लुईची मेणाची मुद्रा पाहा. तीही व्हर्सायमध्ये आहे. बाजूने दिसणारा रंगीत मेणाचा चेहरा, वर खऱ्या केसांचा टोप, कातडीवर व्रण, जड पापणी, लोंबती हनुवटी. रिगोनंतर अवघ्या चार वर्षांनी! पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो.

सजावट किती पुढे जाऊ शके याची साक्ष घरातल्याच माणसाने दिली आहे. चार्ल्सची भाची सोफिया हिने लहानपणी मामीला, राणी हेन्रिएटा मारियाला, आधी व्हॅन डाइकच्या चित्रांत पाहिले होते. प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा दंड काटकुळे, खांदे वरखाली आणि दात पुढे आलेले पाहून ती चकित झाली, असे तिने पुढे आठवणींत लिहिले. पण लगेच हेही लिहिले की मामीचे डोळे आणि कांती सुंदर होती. व्हॅन डाइकने काय ठेवले आणि काय सोडले, याची याहून नेमकी नोंद मिळणे कठीण.

चेहरा नुसता नकलून काम भागत नाही हे शिल्पकारांना अधिक जाणवत असे. १६३५-३६ मध्ये व्हॅन डाइकने चार्ल्सचा चेहरा एकाच कॅनव्हासवर तीन बाजूंनी रंगवला, तो रोममध्ये बसलेल्या बर्नीनीला संगमरवरी अर्धपुतळा घडवता यावा म्हणून. पुतळा झाला, लंडनला पोहोचला आणि १६९८ च्या व्हाइटहॉल राजवाड्याच्या आगीत गेला. कामचलाऊ म्हणून केलेले चित्र आज ब्रिटिश राजसंग्रहात टिकून आहे. हाच बर्नीनी १६६५ मध्ये पॅरिसला आला तेव्हा लुईला स्थिर बसवण्याआधी तो राजाच्या मागे मागे हिंडत, मसलतीत आणि चेंडूच्या खेळात त्याची रेखाटने करत असे. बोलण्याच्या किंवा नुकते बोलून थांबण्याच्या क्षणी चेहरा सर्वांत जिवंत असतो, असे त्याचे म्हणणे होते.

सातवी पायरी : रंगाखालचा रंग

मोठ्या आकारातली प्रतिमा असेल तर ती जास्तीत जास्त मोठी करा आणि कडांपाशी फिरा. पाय, हात, घोड्याचे खूर यांच्या शेजारी पुसट दुसरी रेषा दिसते का पाहा. तैलरंग जुना होताना पारदर्शक होत जातो आणि चित्रकाराने बदललेले आधीचे रूप वर येते. व्हेलास्केथच्या घोडेस्वार चौथ्या फिलिपच्या चित्रात घोड्याच्या मागच्या पायांपाशी असे जुने पाय नुसत्या डोळ्यांनी दिसतात. राजा मागच्या पायांवर उभ्या घोड्याला एका हाताने सहज आवरतो, तसेच राज्य आवरतो, हा त्या चित्राचा दावा. आणि तो सहजपणा चित्रकाराला किती खटपटीने साधला ते त्या पुसट पायांत उरले आहे.

प्रत्यक्ष सराव : जुने गोवे आणि घरची भिंत

पॅरिस-माद्रिदला सगळ्यांना जाता येत नाही. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व वस्तुसंग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या चित्रांची रांग आहे. ती जुआंव द कास्त्रो याने १५४७ मध्ये सुरू करवली आणि पुढची कित्येक शतके भर पडत गेली. पुन्हा पुन्हा रंग चढवल्यामुळे कलेच्या दृष्टीने ती व्हेलास्केथच्या जवळपासही नाहीत. आपल्या कामाला मात्र फारच उपयोगी आहेत. पूर्णाकृती माणूस, कुळाचे चिन्ह, नावाचा मजकूर, पुढच्या चित्रात पुन्हा तेच. रांगेने चालत जा आणि फक्त हात आणि पाय पाहा. माणसे बदलत जातात, उभे राहणे तेच राहते.

याच काळातली दख्खनी रीत शेजारी ठेवायची असेल तर ब्रिटिश म्युझियममधले शिवाजी महाराजांचे गोवळकोंडा शैलीतले चित्र पाहा. ते लुईच्याच पिढीचे. चेहरा एकचष्म, म्हणजे एका बाजूने. खांब नाही, पडदा नाही, चित्र हातात धरून पाहण्याइतके लहान. राजतेज दाखवायला पावणेतीन मीटरच लागतात असे नाही, हे तिथे कळते.

आणि घरात पणजोबांचा स्टुडिओत काढलेला जुना फोटो असेल तर तो उतरवा. मागे रंगवलेला पडदा, बाजूला खोटा खांब किंवा उंच तिवई, एक हात खुर्चीच्या पाठीवर, एक पाय पुढे. इंग्रज चित्रकारांकडून संस्थानिकांच्या महालात आणि तिथून फोटोवाल्याच्या दुकानात ही मांडणी उतरली. पणजोबांवरही तीच रीत चालवा: आधी बूट, मग हात, मग वस्तू.

शेवटचे चित्र

सगळ्या पायऱ्या हाताशी आल्या की प्रादोमधले चौथ्या फिलिपचे उतारवयातले चित्र उघडा. व्हेलास्केथने ते १६५३ ते १६५५ च्या दरम्यान केले. त्याच्या आधी बरीच वर्षे राजा चित्रासाठी बसला नव्हता. १६५३ च्या एका पत्रात त्याने कारण लिहिले आहे: एक तर व्हेलास्केथचा संथपणा, आणि दुसरे, स्वतःला म्हातारे होताना पाहायचे नाही.

चित्र जेमतेम ६९ सेंटिमीटर उंच आहे. पाय नाहीत, कोपर नाही, खांब नाही, पडदा नाही. काळे रेशीम, गोलियाची पांढरी कड, मागे अंधार. सवयीने चेहऱ्यावर कागद ठेवा, खाली वाचायला काहीच उरत नाही. कागद काढा. पापण्या जड आहेत, गाल उतरले आहेत, मिशांची टोके तेवढी अजून वर वळवलेली आहेत, आणि १६२३ च्या त्या पोरसवदा राजाचा जबडा जिथल्या तिथे आहे.